अक्षय्य तृतीयेला घरपोच

आईचा मसाला खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत आधीपासूनच ओळखीचा होता. ऊन तापायला लागलं की शेजारच्या बायका तिला जिन्यात गाठायच्या. "वहिनी, यंदा आमचे दोन किलो धरा हं." आई मान हलवायची आणि विसरायची नाही. कुणाला कधी द्यायचा ते ऊन आणि तिची सवड ठरवायची. याला धंदा म्हणावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. तो शब्द मी घरात आणला.

आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली. बीएमएस म्हणजे नेमकं काय, हे मला आईवडिलांना नीट सांगता आलं नव्हतं. खरं तर तेव्हा मलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मार्केटिंगच्या सरांनी सांगितलं, छोटे व्यवसाय सण दारात आला की जाहिरातीला लागतात, तिथेच ते चुकतात. आखणी काही महिने आधी व्हायला हवी. मग प्रत्येकाने एका खऱ्या व्यवसायाची वर्षभराची आखणी करायची आणि ती राबवून वर्गात मांडायची, असं ठरलं. कुणी कॅफे घेतला, कुणी जिम. मी शेवटी आईचा मसाला घेतला, पण वहीत मात्र ‘होममेड स्पाइसेस’ असं लिहिलं. ‘आईचा मसाला’ असं वर्गात मोठ्याने म्हणायला जीभ रेटेना.

एक मोठा कागद फ्रिजशेजारी भिंतीवर चिकटवला. सण गुलाबी, जाहिरातीचे दिवस हिरवे, घरपोच देण्याचे दिवस निळे. आई पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडे बघायची. "येवढं सगलं आदीच ठरवाचं?" असं तिने एकदाच विचारलं. मी हो म्हटल्यावर ती वडिलांना म्हणाली, "कॉलेजात शिकवतात तर बरोबरच असंल." तिचा तो विश्वास तेव्हा मला फार आवडला होता.

जाहिरातीत ‘लवकरच’ असं मोघम लिहू नये, पक्की तारीख द्यावी, असं सर सांगायचे. मी गुढीपाडव्याला जाहिरात टाकली: ‘आगरी मसाला, अक्षय्य तृतीयेला घरपोच. दिलेला शब्द पाळणारा ब्रँड.’ दिवस शुभ, लोकांच्या लक्षात राहणारा. त्या मुहूर्तावर आमच्याकडे लग्नांची झुंबड असते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण कागदावर मी फक्त गिऱ्हाइकांचे सण लिहिले होते. आमच्या घरासाठी त्यात रंगच नव्हता.

मागणी खूप आली. इमारतीबाहेरच्या, अनोळखी लोकांचे मेसेज यायला लागले. मी हरखून गेले.

पाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी जासईहून मामा पत्रिका घेऊन आला. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"ताय, अक्षय्य तृतीयेला लगीन. आदल्या सांजंला हलद," तो बसायच्या आधीच म्हणाला. "आनि पोरगी सांगते, आत्याचा हात लागल्याबिगर दुसऱ्या कुनाला लावू देनार नाय. आता तुमी आत्या-भाची काय ते बघा."

मामाकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते. मामाला बहीण एकच, माझी आई.

"चार दिस आदीच येतंय मी," आई म्हणाली. "तुज्या बायकोला सांग, माजी खाट मोकली ठेव."

"खाट कसली? चुलीपाशी बसवतो तुला."

"चुलीपाशी बसाला तुजी बायको हाय. मी नवरीची आत्या. मना खुर्ची लागंल."

दोघं खूप हसली. मामा गेल्यावर आई भिंतीवरच्या कागदापाशी जाऊन उभी राहिली. निळ्या रंगाचा अर्थ तिला पाठ झाला होता.

"बाय," ती हळूच म्हणाली, "ही तारीक जरा पुढं नाय का जानार?"

मी फोनवर कुणाला तरी उत्तर देत होते. मान वर न करताच म्हटलं, "आई, जाहिरात गेली आता. तारीख बदलली की ब्रँडवरचा विश्वास जातो."

ती मग म्हणाली, "बरं. तुमाला तसं शिकवलं असंल."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, पटलं तिला. विश्वासाचं मी जे बोलले ते अगदी खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. मला वर्गात शेवटी दाखवायचं होतं, की ठरल्या दिवशी सगळा माल पोहोचला. तारीख हलली असती तर तेवढं वाक्य मला खोडावं लागलं असतं. आईने विचारलं तेव्हा हे कारण मनात स्पष्ट होतं, आणि तरी मी ब्रँडचं नाव पुढे केलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

पुढे आभाळ भरून यायला लागलं. पाऊस नाही, नुसते ढग. गच्चीवर पसरलेल्या मिरच्या दिवसभर ठेवूनही मऊच राहायच्या. आई सकाळी पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, मुठीत दाबून बघायची आणि झाकून ठेवायची. माझ्या आखणीत ढगाळ हवेला जागा ठेवलेली नव्हती. आई आधी जासईला जायची होती ते दिवस मिरच्यांची वाट बघण्यात गेले. मामीचे फोन यायचे. "काय गो ताय, मोठी शेठानी झालीस! आमंत्रनाला गाडी पाठवू काय?" आई हसायची. "येतंय गो, येतंय." फोन ठेवला की पुन्हा मिरच्यांचे देठ खुडायला बसायची. मी मदतीला बसले की मला उठवायची. "तू ते लेबलांचं बघ. हाताची आग झाली तर पेपर कशी लिवशील?" मी उठायचे. लगेच उठायचे, हेही खरं.

हळदीच्या दिवशी दुपारी शेवटचा घाणा कांडायला आम्ही गिरणीत गेलो. सीझनमुळे रांग होती. खकाण्याने सगळे शिंकत होते. मी बाहेर येऊन गिऱ्हाइकांना मेसेज पाठवले, की उद्या माल येतोय, घरी कुणी असेल ना? पहिलं उत्तर एका काकूंचं आलं. ‘उद्याच का? आम्ही गावी आहोत गं. पंधरा दिवसांनी दिलास तरी चालेल.’ मग आणखी एक: ‘काही घाई नाही, सावकाश.’ एका बाईंना मात्र उद्याच हवा होता, पण त्यांनाही फक्त अर्धा किलो.

मी फोन खिशात टाकला. इतक्या दिवसांत यांच्यापैकी एकालाही मी विचारलं नव्हतं. आत आई डबा धरून उभी होती, पदराने नाक झाकून. तिला ते मेसेज दाखवायचा धीर मला झाला नाही.

घरी येऊन तिने हात साबणाने धुतले, दही चोळलं, मग खोबरेल. साडी बदलली. रिक्षात बसल्यावर ती तळवे वर करून वाऱ्याला धरत होती. मी म्हटलं, "आई, उशीर नाही ना होणार?" ती म्हणाली, "नवरी थांबंल गो माजी."

नवरी खरंच थांबली होती. मांडवात पाटावर बसलेली, भोवती बायका, गाणी सुरू, आणि गालाला हळदीचं बोट लागलेलं नव्हतं. "आत्या आली, आत्या आली!" असा गलका झाला. मामीने वाटी पुढे केली. आईने हात पुढे नेला आणि मध्येच थांबवला.

"मना नको," ती म्हणाली. "माजे हात मिरचीचे हायत. पोरीचा तोंड भाजंल."

"तेल लाव की जरा," मामी म्हणाली.

"लावलाय. नाय जात. कालपासून मी डोल्याला हात लावला नाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "आत्याबाई नवरीला मसाला लावाला आल्या गो!" सगळा मांडव हसला. आईही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मामीने आंब्याचं पान आणायला सांगितलं, तर एक म्हातारी म्हणाली, "पान कशाला? आपल्यात हातानंच लावतात."  गाणं थांबलं. मग आई माझ्याकडे वळली.

"बाय, माज्या बदली तू लाव."

मला नाही म्हणायचं होतं. पण सगळे बघत होते आणि नवरी माझ्याकडे तोंड करून बसली होती. मी खाली बसले, वाटीत बोटं बुडवली. हळद थंड होती. मामेबहिणीने गाल पुढे केला आणि मला ऐकू येईल एवढंच विचारलं, "आत्या रडत नाय ना?"

मी वर पाहिलं नाही. आई माझ्या मागेच उभी होती आणि सांगत होती, "कपालाला लाव. आता खांद्याला. घे गो जास्ती, कंजुशी नको करू." ती सांगेल तिथे मी लावत गेले. माझ्या बोटांना कसलीही आग होत नव्हती.