व्हेस्टाबाईंच्या बाटल्यांतले नातेवाईक

व्हेस्टा कॉर्कम यांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. प्रयोगशाळेत माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मी विहिरींच्या पाण्यातले जंतू मोजायचो, त्या काळ्या शिंपल्यांतलं विष शोधायच्या. सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही स्वतःचं पेन दिलं नाही. दुपारी आंबट कोबीचा डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून उघडायच्या. मी पडलो आतल्या रानातल्या गावच्या शाळेत शिकलेला. म्हणजे त्यांच्या हिशेबी कोबीचोर.

बाटल्यांचा प्रकार तर औरच. आत कुठलं द्रावण आहे ते त्या लिहायच्याच नाहीत. "लिहिलं की कुणीही उचलतं," म्हणायच्या. त्याऐवजी नातेवाइकांची नावं. भले नातेवाईक निरुपद्रवी द्रावणांना, खोटे नातेवाईक कामात खोडा घालणाऱ्यांना. चुलतबहीण फ्रीडा भली, भावजय आल्मा खोटी. यादी फक्त बाईंच्या डोक्यात.

त्यांचं काम चालायचं फॉस्फेटेज नावाच्या एन्झाइमवर. पेशीतल्या प्रथिनांना फॉस्फेटच्या गाठी मारणारे कामगार वेगळे आणि त्या सोडवणारा हा वेगळा. मारल्याने एखादं काम सुरू होतं, सोडवल्याने थांबतं, कधी उलटंही. बाई तबकातल्या बारक्या खळ्यांत हा गाठसोड्या घालायच्या, त्याला एक बिनरंगी गाठ द्यायच्या. त्याने ती सोडवली की खळी पिवळी. शिंपल्याच्या अर्कात विष असलं तर ते गाठसोड्याच्या पंजातच जाऊन बसतं, गाठ सुटत नाही, खळी पाण्यासारखी राहते. पिवळी म्हणजे खा, बिनरंगी म्हणजे पळा.

मे महिन्यात मंगळवारी आमच्या खाडीतल्या शिंपल्यांच्या तिन्ही शेतांच्या खळ्या बिनरंगी निघाल्या. बुधवारीही तेच. शुक्रवारपर्यंत असंच राहिलं, तर अख्खी खाडी हंगामभर बंद.

गुरुवारी सकाळी बर्टन रफ्यूस आला. तीनांतलं एक शेत त्याचं. मागच्या हिवाळ्यात बर्फाने त्याचे शिंपले लगडलेले निम्मे दोर तोडून नेले होते. हा हंगाम गेला तर होडी विकायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाई आणि तो एका वर्गातले.

"काय गं व्हेस्टा, समुद्रच सगळा विषारी झाला का? का तुझी नजर लागली?"

"नमुन्याच्या पिशव्या कोण बांधतं तुझ्याकडे?" बाईंनी उलट विचारलं.

"मी."

"तेच म्हटलं."

"म्हणजे मी माझ्याच शिंपल्यांत विष घालतो? मेंदू लोणच्यात घातलास का हेरिंग माशांबरोबर?"

तो दार आपटून गेला. बाईंनी त्याच्या पिशवीची शिवण भिंगाखाली तपासली. मग गाठसोड्या विकणाऱ्या कंपनीला फोन करून झापलं. मग माझ्याकडे वळल्या.

"माझ्या फ्रिजला हात कुणी लावला?"

"चहाला दूध काढलं."

"कशावरून दूधच?"

त्यांनी माझा चहा हुंगला. माझा कप पुराव्यात जमा झाला. चहा गेलाच होता, म्हणून मी धीर करून विचारलं, "बाई, सोमवारपर्यंत सगळं पिवळं होतं ना? सोमवारी काय केलंत?"

"काही नाही. नवी द्रावणं."

"कुणाकुणाची?"

बाई उगीचच बाटल्या सरळ करू लागल्या. त्या उगीच कधी काही करत नसत, म्हणून मला संशय आला. संसर्गजन्य असतो तो.

"रविवारी चर्चच्या जेवणात," त्या हळू म्हणाल्या, "फ्रीडाने आमच्या आईच्या हेरिंगच्या लोणच्याची कृती स्वतःची म्हणून सांगितली. पाद्र्यासमोर!"

"मग?"

"मग काय! सोमवारी तिला खोट्यांत, आल्माच्या ओळीत बसवलं. तिच्या बाटलीत फॉस्फेट भरलं."

आणि हात? बारा वर्षांच्या सवयीने अर्क पातळ करायला हाताने फ्रीडाचीच बाटली उचलली. गाठ सोडवून जे निघतं ते फॉस्फेटच. त्याचाच पूर आला की सोडवणाऱ्याचे हात त्यातच अडकतात. पेशीतही त्याला आवर घालायच्या ज्या तऱ्हा आहेत, त्यांतली ही एक. पडताळणीची बिनशिंपल्याची खळी दुसऱ्याच बाटलीतून भरली जायची, म्हणून ती गुमान पिवळी होत राहिली. एरवी कुणीतरी चिठ्ठी वाचून टोकलं असतं. पण चिठ्ठीवर फ्रीडा! टोकणार काय, कपाळ?

बाई खुर्चीत बसल्या. "बर्टनवर मी संशय घेतला," एवढंच बोलल्या.

शुक्रवारी सकाळी नव्या द्रावणात पुन्हा चाचणी केली. दोन शेतं पिवळी. बर्टनची बिनरंगी. बाईंनी ती तीनदा केली. तीनदा बिनरंगी. मग त्याला बोलावलं आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी स्वतःची चूक.

बर्टनने ऐकून घेतलं. "मंगळवारी तुझी बाटली खोटी होती. आज माझे शिंपले खोटे. बरं जमतं गं तुला!"

मला वाटलं, आता बाई त्याला बाहेर काढणार. त्यांनी हातमोजे काढून त्याच्यापुढे धरले.

"तू कर."

"मी?"

"शिंपले तुझे, हात तुझा. मी खिडकीशी उभी राहते."

बर्टनने कोटाच्या खिशातून स्वतःचे दोन शिंपले काढले, दुसऱ्या खिशातून शेजारच्या शेतवाल्या आयझनहॉवरचे दोन. म्हणजे तोही तयारीनेच आला होता. त्याच्यासाठी बाईंनी प्रत्येक बाटलीवर खरं नाव लिहिलं. मी सहा वर्षांत पहिल्यांदा ती नावं वाचली.

"माझ्या नावाची बाटली आहे का गं?" त्याने विचारलं.

"आहे. सिंकखाली. मोरी साफ करायची."

तो हसला नाही. वाटताना, गाळताना, थेंब टाकताना ओठ घट्ट मिटलेले. अर्ध्या तासाने आयझनहॉवरची खळी लिंबाच्या सालीसारखी झाली. बर्टनची पाण्यासारखीच. त्याने तबक खिडकीपाशी नेलं, तिरकं केलं, पुसलं.

"परत करतो," म्हणाला. परत केलं. तेच.

"हे पोटात गेलं तर?"

"आतड्यातल्या गाठी सुटत नाहीत, पेशींची दारं उघडी राहतात. मग तुझं गिऱ्हाईक दोन दिवस संडासातून बाहेर येत नाही आणि नाव तुझंच घेतं."

त्याने फोन काढून होडीवरच्या भावाला लावला. "दोर वर घेऊ नकोस. ट्रक परत पाठव... कुणी सांगितलं काय, मीच केलं. माझ्या हाताने." फोन ठेवून त्याने तबक पुन्हा टेबलावर ठेवलं. "होडी?" कुणालाच न विचारता तो नुसतं म्हणाला.

"विकू नकोस इतक्यात," बाई म्हणाल्या. "खाडी उघडी आहे, फक्त तुझे दोर बंद. पाण्यात राहिले की शिंपले स्वतःला धुतात. तीन-चार आठवडे लागतील. दर मंगळवारी तपासायचं."

"दर मंगळवारी मीच येणार. पिशवी हातातून सोडणार नाही."

"नको सोडूस. मीही बाटली सोडणार नाही."

"बरं," बर्टन म्हणाला आणि हातमोजे काढून खिशात घालू लागला. बाईंनी ते परत मागून घेतले.