दसऱ्याला पुजलेला सर्व्हर

मंठ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणारी बेबीनंदा म्हणजे भलती चिवट बाई. सर्व्हर ज्यावर चालायचा ते लिनक्स तिनं एका जुन्या पुस्तकावरून एकटीनं शिकलं. सर्व्हरला तिनं दोन डिस्क लावल्या होत्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरेल अशा. एक मेली तरी दुसरी हाय की, असं प्राचार्य बद्रीनाथ सरांना ती छातीठोकपणे सांगून बसली होती.

२००४ च्या दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं आणि मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, सिस्टिम सापडत नाही. बारावीच्या एकशे सत्तर पोरांची परीक्षेची यादी त्यातच. ती काढून अकराच्या एसटीनं औरंगाबादला बोर्डात गेली न्हाई, तर पोरांचं वर्ष बुडालं. सर म्हणाले, सगळं पुसा, विंडोज टाका. आता काय म्हणावं या माणसाला! पुसल्यावर यादी कुठून आणायची?

सीडीवरून मशीन चालवून तिनं डिस्क तपासल्या. दोन्ही ठणठणीत, यादीही जागेवर; पण सीडीवरून प्रिंटर काही चालेना. मंग अडलं कुठं? शेवटी तिनं मशीनचा डबा उघडला. दोन्ही डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

शिपाई कारभारीमामा दारातच उभे होते. खंडेनवमीला घरचे विळे-कुऱ्हाडी पुजतात, तशा त्यांनी डिस्कही काढून, पुसून पुजल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. परत लावताना वायरींची अदलाबदल झाली. आता मशीन दुसऱ्या डिस्कवरून उठू बघत होतं, आणि उठवून देणारा छोटा प्रोग्राम होता फक्त पहिलीवर; तो आपोआप उतरत नाही, हातानं टाकावा लागतो.

साडेदहा झाले होते. वायरीची पिन वाकली की संपलंच. जपून तिनं वायरी बदलल्या. मशीन उठलं. क्लार्क वसंता छापलेली यादी घेऊन स्टँडकडं पळाला.

"याला हात कुणी लावल्ता?" सरांनी विचारलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेल्या मामांचं तोंड पांढरं पडलं.

"चूक माझी हाय, सर," बेबीनंदा म्हणाली. "तो प्रोग्राम दोन्हींवर टाकायला पाह्यजे होता. उद्या पहिली डिस्क मेली असती, तरी असंच अडलं असतं."

सर गेल्यावर मामांनी हात जोडले. "माझ्यासाठी खोटं बोललीस, पोरी."

तिला मान वर करवेना. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.