भिंतीकडे तोंड केलेलं लायसन

कोपरीत स्टेशनबाहेर एका लॉटरीवाल्याची टपरी होती. रोज सकाळी तो देवाच्या तसबिरीआधी फ्रेम केलेल्या लायसनला उदबत्ती ओवाळायचा. कोणी मटक्याचं नाव काढलं की स्वतःचे कान धरायचा. "आपलं सरकारमान्य, बाबा!"

मी तेव्हा दोन मुलांची आई झाले होते, अक्कल मात्र यायची होती. दर बुधवारी भाजीच्या पिशवीत लपवून रुपयाचं एक तिकीट आणायची. एकदा स्वप्नात सासूबाई मला सात बोटं दाखवताना दिसल्या. झालं! शिलाई मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे घेऊन मी टपरीवर हजर.

"शेवटी सात असलेली असतील तेवढी द्या."

"एवढे पैसे कसले, वहिनी?"

"मशीनचे. तुम्हाला काय करायचंय?"

तो स्टुलावर चढला आणि त्याने लायसनचं तोंड भिंतीकडे केलं.

"आता मी बिनलायसनचा. विकलं तर पोलीस धरतील."

"अहो, सुलटं करा ते!"

"तुम्ही गेलात की करतो."

मी तणतणत जाऊन मशीन घेतली. निकालाच्या दिवशी मात्र टपरीसमोर जाऊन उभी राहिले. सात लागला असता, तर त्याला जन्मभर सोडलं नसतं. त्याने बोट निकालाच्या कागदावरून फिरवलं आणि तो ओरडलाच, "नाही लागला, वहिनी! नाही लागला!"

मग धावत जाऊन समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आला. मीही निर्लज्जासारखे दोन खाल्ले.