दोन कप चहा
गेटच्या ॲपची टिंग वाजली की नवी मुंबईत, उलव्यात नुकताच राहायला आलो होतो, ती दुपार आठवते. फ्लॅटला नव्या रंगाचा वास होता आणि ओळखीचं कुणीच नव्हतं. सोसायटीचं ते ॲप मीच बनवत होतो. वॉचमनने गेटवर पाहुण्याचं नाव टाकलं की ते लांबच्या सर्व्हरवरून माझ्या फोनवर यायला हवं होतं. पण डेटाबेस काही केल्या जोडला जात नव्हता. एकदाची टिंग वाजली. 'पाहुणे आलेत, सोडू का?' टेस्टिंगसाठी वॉचमनने स्वतःचंच नाव टाकलं होतं. मी 'हो' दाबलं. इंटरकॉमवर तो हसला, "चाललं ना सर? मग येतो वर चहाला!" मी खरंच दोन कपांचं आधण ठेवलं. गेट सोडून तो कसा येईल, हे डोक्यात शिरेपर्यंत दोन्ही कप निवले. आजही 'हो' दाबून मी दार उघडतो. पार्सल दाराशी असतं, माणूस लिफ्टने गेलेला असतो.