मिलिंदची गाडी मी हलकी केली

आधी तो चहा संपवा, मग सांगते. नाहीतर मध्येच ठसका लागेल आणि बिल माझ्या नावावर फाडाल. माझी ही फजिती ऐकून लोक पोट धरून हसतात. मीही हसते त्यांच्याबरोबर, पण घरी गेल्यावर जरा रडू येतं, ते कुणाला सांगत नाही. आज सांगते.

मिलिंदकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, एक गाडी आहे. लाल, बुटकी, दोनच माणसांची. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. बॉडी फायबरची, त्यामुळे इतकी हलकी की बंद पडली तर मी एकटी ढकलू शकते, आणि ढकललेली आहे. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हा आम्ही पुण्यातलं निम्मं सामान वाटून टाकलं, पण ही बया ट्रकवर बसून आमच्या आधी इथे पोचली. मिलिंदने माझ्यापायी चांगली नोकरी सोडून इथे दुसरी शोधली होती. तेव्हा गाडीबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती.

दर रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, आम्ही तिच्यातून फोर्ट विल्यमच्या कडेने नदीवर जायचो. घाटावर मातीच्या भांड्यातला चहा प्यायचा आणि परत यायचं. एरवी हा माणूस घरात ‘मीठ दे’ आणि ‘पंखा लाव’ यापलीकडे बोलत नाही. पण त्या गाडीत बसला की नळ सुटायचा.

“एक दिवस हिला ट्रॅकची गाडी करणार बघ. फक्त शर्यतीची.”

“कलकत्त्यात ट्रॅक कुठाय?”

“दक्षिणेत आहेत ना. ट्रकवर घालून न्यायची.”

“आणि पळवणार कोण? तू? सायकलवाल्यालासुद्धा साइड देतोस.”

“अगं, आतलं सगळं काढून टाकायचं. नुसता सांगाडा ठेवायचा. मग बघ कशी सुटते.”

हे दर रविवारी. शब्दसुद्धा तेच. मी त्याला वेड्यात काढायची, तो मला वजनाचं गणित समजावायचा, आणि घाट कधी यायचा कळायचंही नाही.

आता मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही. शाखेत माझ्या टेबलावर फाइल रेंगाळली तर मला जेवण जात नाही. इथे तर नवरा वर्षानुवर्षं एकच इच्छा बोलून दाखवतोय, आणि मी त्याची टर उडवतेय. त्याची पन्नाशी जवळ आली होती. तेवढ्यात त्याच्या कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी ओडिशातल्या साइटवर पाठवलं. मी म्हटलं, हीच वेळ. परत येईल तेव्हा दारात शर्यतीची गाडी उभी.

हावड्याला मंटूदा म्हणून एक मेकॅनिक होता, आमचीच गाडी बघायचा. शर्यतीची गाडी त्याने आयुष्यात केली नव्हती. पण मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, जणू मुलीचं लग्न ठरलंय.

“हो जायेगा, बौदी,” तो म्हणाला; बौदी म्हणजे वहिनी. आणि दुसऱ्या दिवसापासून सुरूच झाला.

काय काय काढायचं हे मला कुठे ठाऊक? मग मी मिलिंदलाच फोनवर विचारायला लागले. आडून आडून हं.

“काय रे, शर्यतीच्या गाडीत एसी असतो?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी स्वतःहून गाडीचं काही विचारलं नव्हतं. मग जो सुरू झाला, तो साइटवर जेवणाची घंटा होईपर्यंत. एसी कशाला, कार्पेट कशाला, टेप कशाला, काचासुद्धा काढून प्लास्टिक लावायचं, आणि उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्याला वाटत होतं, बायकोला करमत नाही म्हणून आपल्या आवडीचं बोलतेय. आणि मी इकडे ऑर्डर घेत होते.

दर शनिवारी मी फेरीबोटीतून हावड्याला जायची. मंटूदा एकेक वस्तू दाखवायचा.

“बौदी, ये भी खोल देगा?”

“खोल दो.”

“ये भी?”

“अरे, खोल दो ना.”

खोटं कशाला बोलू, मला चटक लागली. दिवाळीआधी माळा आवरताना जे समाधान मिळतं ना, तेच. स्टेपनी गेली, हॉर्न गेला, दारांची आतली अस्तरं गेली. निघालेलं सामान मी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवून बघायची आणि वजन जितकं जास्त भरेल तितकी खूश व्हायची. मंटूदाने एकदा सावध केलं होतं, की आता ही रस्त्यावर चालणार नाही, पोलीस पकडतील. मी त्याला ऐटीत सांगितलं, ही रस्त्याची गाडीच नाही.

एका शनिवारी त्याने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हात ठेवला. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी तिथूनच मिलिंदला फोन लावला. “काय रे, शर्यतीत शेजारी कोण बसतं?”

“कोणी नाही. ड्रायव्हर एकटाच. शेजारी माणूस म्हणजे नुसतं ओझं.”

मी फोन ठेवला आणि म्हटलं, खोल दो. एक बोल्ट गंजून घट्ट बसला होता, तर पान्याला माझाही हात लावला. रिकाम्या जागेतून मंटूदाने पिंजऱ्याचा एक आडवा पाइप नेऊन वेल्ड करून टाकला. सीट मी भंगारात घातली. तिचं वजन बरंच भरलं.

मिलिंद परतला त्या दिवशी गाडी टेंपोतून आणून आमच्या इमारतीच्या आवारात उभी केली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडायला ठेवला. तळमजल्यावरचे घोषबाबू सहकुटुंब हजर. मिलिंद टॅक्सीतून उतरला आणि बॅग हातातच ठेवून बघत राहिला.

“हे तू केलंस?”

“सगळं. तू सांगितलंस तसंच.”

तो गाडीभोवती हळूहळू फिरला. पिंजऱ्यावरून हात फिरवला. मग वाकून, अंग चोरून आत शिरला, पट्टे लावले आणि गाडी सुरू केली. तो आवाज काय वर्णावा. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मिलिंदच्या चेहऱ्यावर मात्र हसू फुटलं, आणि मला वाटलं, जिंकलो आपण.

त्या हसऱ्या चेहऱ्याने त्याने मान वळवली आणि नेहमीच्या सवयीने मला म्हणाला, “चल, बस. आवारात एक फेरी मारू.”

मी पण सवयीने गाडीला वळसा घातला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, पदर सावरला आणि पाय आत टाकला.

आत काय होतं? पत्रा. आणि आडवा पाइप.

सगळी इमारत बघतेय, आणि मी एक पाय गाडीत, एक पाय बाहेर, अशी उभी. मिलिंद त्या जागेकडे बघत होता. हसू कुठे गेलं कळलंच नाही. त्याने गाडी बंद केली आणि म्हणाला, “छान झालीय.” परक्या माणसाला म्हणतात ना, तसं.

मी लगेच कामाला लागले. ट्रॅकची चौकशी केली, ट्रकवाल्याशी बोलले. मिलिंद म्हणायचा, “जाऊ कधीतरी.” पुन्हा विचारलं, पुन्हा “जाऊ कधीतरी.” शेवटी मी चिडले. म्हटलं, “इतकी वर्षं डोकं खाल्लंस, आता गाडी दारात उभी आहे तर जात का नाहीस?”

तो म्हणाला, “नंदू, मला शर्यत कुठे खेळायची होती? तू दिवसभर बँकेत असतेस, घरी आलीस की बँकच डोक्यात. गाडीचं काढलं की तू भांडायचीस माझ्याशी. मला तेवढंच हवं असायचं.”

माझ्यापायी स्वतःचं गाव सोडून आलेला माणूस, त्याची आठवड्यातली एक सकाळ होती, ती मी स्वतःच्या हाताने पान्याने उघडून काढली. फार वाईट वाटलं. अजून वाटतं. मंटूदाला विचारलं, सीट परत बसेल का? तो म्हणाला, पाइप कापावा लागेल, मग सगळा पिंजराच कच्चा होईल.

आता गाडी आवारात झाकून ठेवलीय. रविवारी आम्ही टॅक्सीने नदीवर जातो. मागे बसलं की मिलिंदला मळमळतं, म्हणून तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसतो आणि मी मागे. सुरुवातीला अगदी शांतता असायची. आता तो जरा बोलायला लागलाय, पण ड्रायव्हरशी.

परवा त्याने एका टॅक्सीवाल्याला सगळी गोष्ट सांगितली. एसी, काचा, पिंजरा, एकही तपशील सोडला नाही. माझं फार कौतुक केलं. टॅक्सीवाला बिहारचा, वयस्कर, मन लावून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने एकच विचारलं.

“तो साहब, उसमें मैडम कहाँ बैठती हैं?”

मिलिंद खिडकीबाहेर बघायला लागला. मग मीच मागून म्हटलं, “यहीं बैठती हूँ, भैया. आप सामने देखके चलाइए.”