धागा अडकला तर ऊठ

“हात.”

सकाळी कारखान्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की हा एक शब्द कानावर पडायचा. आपण तळवा पुढे करायचा. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या अक्का त्यावरून रेशमाचा एक सुटा धागा ओढत, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, अगदी सावकाश. धागा सरळ गेला तर म्हणत, “बैस.” कातडीत कुठे अडकला तर, “ऊठ.” बसायच्या आधीच ऊठ कसं, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

ही महाराजांच्या अमलातल्या म्हैसूरची गोष्ट. गावात विजेचे दिवे नुकते आले होते. आमचा रेशमाचा कारखाना म्हणजे एका लांब कौलारू खोलीत मांडलेले अकरा रहाट आणि त्यांच्यापुढे बसलेल्या आम्ही अकरा बायका. रंगवलेल्या लडी रहाटावर चढवायच्या, धागा कांड्यांवर भरायचा, तुटला तर सांधायचा. काम सोपं, पण हात गुळगुळीत लागतो. खरखरीत बोटाला रेशीम धरतं, तंतू उपसून येतात, आणि लुगडं विणल्यावर तिथे नेमकी गोळी दिसते. म्हणून अक्कांचा तो धागा.

अक्का मूळच्या मराठी, म्हैसूरच्या घोडदळातल्या घराण्यातल्या. आजोबा शिलेदार होते हे आठवड्यातून एकदा तरी सांगत. आजोबांच्या घोड्याचा रंग मात्र दर वेळी निराळा असे. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरत आणि परत येत. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिचं खरं नाव काय हे कधी कुणी विचारलंच नाही.

मी पौषात तिथे कामाला गेले. म्हैसूरची थंडी कडक नसते, पण कोरडी असते. माझ्या हातांची सालं निघत होती, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. घरी नवरा आजारी होता. काम मिळालं नाही तर भावाच्या दारात जाऊन राहायचं, हे थोरल्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मला ते मुळीच नको होतं. तेच हात घेऊन मी अक्कांपुढे उभी राहिले. धागा पहिल्याच बोटाला अडकला.

“ऊठ. तेल लाव. चार दिवसांनी ये.”

चार दिवस मी खोबरेल चोपडलं. पाचव्या दिवशी धागा कसाबसा गेला. पण दुपार होईतो बोटं पुन्हा चरचरायला लागली. मग मी शहाणपणा केला. कनवटीला तेलाची डबी आणलीच होती; कुणाचं लक्ष नाही असं बघून बोट बुडवलं आणि हाताला चोळलं. पुढची लड हळदी रंगाची होती, कुणाच्या तरी लग्नाच्या लुगड्याची. घटकाभरात तिच्यावर माझ्या पाचही बोटांचे डाग उमटले.

मालक धावत आले. “कोण ही? उठवा हिला!”

अक्का रहाटावरून उठल्या. “तेल लाव म्हणून मीच सांगितलं तिला. कधी लावायचं ते सांगितलं नाही. डाग माझा.”

मालक आल्या पावली परत गेले. अक्कांनी ती लड स्वतः रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि सावलीत वाळत घातली. डाग गेले. मी कोपऱ्यात रडत होते.

“अळबेड गं, रडू नको. साकु, पुरे आता. डोळ्यांच्या पाण्यानं कातडं मऊ होत नाही. संध्याकाळी घरी ये माझ्या.”

घरी त्यांनी तांब्याचं ताट काढलं, त्यात साजूक तूप घातलं आणि वर गार पाणी. तळव्यानं घोळायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. साठाव्या वेळेला तूप पांढरंशुभ्र झालं आणि माझा खांदा भरून आला.

“झालं की अक्का, पांढरं झालं.”

“पांढरं झालं, पण हलकं झालं का? नोडु, बघ की बोट लावून. अजून चाळीस.”

शंभराव्या पाण्याला ते लोण्याहून मऊ झालं आणि तुपाचा वास पार गेला. मग अक्कांचे नियम. हात धुऊन नुसते टिपायचे, खसाखसा पुसायचे नाहीत. ओल असतानाच तूप चोळायचं, वर जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून निजायचं. सकाळी साबण बेड, म्हणजे नकोच; मुगाच्या पिठात साय कालवून हात धुवायचे, तेलकटपणा जातो आणि कातडी रुसत नाही. कढत पाणी नाही. भांड्यांची राख तर नाहीच नाही. आठव्या दिवशी धागा सरळ गेला आणि “बैस” ऐकून मी अशी बसले की रहाट हलला.

अक्कांकडे बाहेरचीही माणसं यायची. एकदा शेजारच्या तालमीतला पहिलवान आला. धिप्पाड गडी, पण पोटऱ्या खाजवून खाजवून बेजार. रोज दोन हंडे कढत पाण्यानं न्हायचा, वर साबण.

“न्हातोस की स्वतःला शिजवतोस?” अक्का म्हणाल्या. “पाणी कोमट घे. अंग ओलं असताना तिळाचं तेल लाव. आणि तो साबण दुसऱ्या पहिलवानाला दे, कुस्ती तू जिंकशील.”

पण एका बाईच्या हाताला पुरळ येऊन पाणी सुटलं होतं, तिला त्यांनी ताटाजवळ बसूही दिलं नाही. “हे माझ्या तुपाचं काम नव्हे. दवाखान्यात जा, आजच.” आपल्याला काय येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून जे येत होतं त्यावर आमचा भरवसा होता.

त्या डागाच्या दिवसापासून त्यांनी एक रीत पाडली. सगळ्यांचे हात त्या तपासत आणि शेवटी त्यांचा हात मी. “डाग पाडलेली बाई धागा जपून ओढते,” असं म्हणत. सहा वर्षं मी रोज तो धागा ओढला आणि रोज “बसा” म्हटलं. बोलण्यापुरतंच ते, असं मला वाटायचं.

मग त्यांची लेक बाळंत झाली. दीड महिना अक्कांनी तिचं सगळं केलं. धुणी, बाळाची दुपटी, आणि राखेनं भांडी. आम्हाला बजावलेलं सगळं स्वतः मोडलं. कामावर परतल्या त्या सकाळी मी धागा ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी तो टच्‌कन अडकला.

मी बोटं सैल सोडली आणि पुन्हा हलक्या हातानं ओढू लागले.

“दाब,” अक्का म्हणाल्या. “हलकं बेड.”

दाबला. अडकला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्या नजरेला मी फार घाबरले होते.

“ऊठ, अक्का,” मी म्हटलं. अहो-जाहो करायचंही भान राहिलं नाही.

त्यांचा चेहरा असा खुलला की मला रडूच आलं. “आता शिकलीस,” म्हणाल्या आणि चपला घालून घरी गेल्या.

रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन तूप धुतलं, त्यांच्या हातांना चोळलं. माझ्याकडून शंभराला एक जरी कमी पडलं तरी त्या ओळखत. म्हातारी कातडी हट्टी असते. दोनदा त्या येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा धागा गेला. “बसा,” मी म्हटलं, आणि तेव्हा ते बोलण्यापुरतं नव्हतं.

पुढे तीन थंड्या त्यांनी रहाट चालवला. चौथ्या वर्षी दोन दिवसांच्या तापात गेल्या. तांब्याचं ताट लेकीनं माझ्या घरी आणून दिलं. हात तपासायचं काम माझ्याकडे आलं, पण खिडकीजवळचा त्यांचा रहाट मी कुणाला देईना. मालकांनी दोनदा विचारलं. मी “बघू” म्हणून टाळलं.

मग चुन्याच्या भट्टीवर राबलेली एक बाई आली. हात बघवत नव्हते. तीन आठवडे मी तिला घरी बोलावून तूप धुवायला लावलं. सगळे नियम तिनं पाळले. एका सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तळवा पुढे केला. बाकीचे दहाही रहाट भरलेले होते. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या.

मी धागा दाबून ओढला. कुठेतरी अडकावा असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मनगट, तळवा, अंगठ्याचं बूड, बोटं. नाही अडकला.

“बैस,” मी म्हटलं, आणि अक्कांच्या पाटावरची धूळ पदरानं पुसून दिली.