डेमोला बसलेली आई

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मला एवढंच पक्कं ठाऊक होतं की इंग्रजी शिकवायचं. गाव तापीकाठचं, कॉलेज शहाद्याला. तीन वर्षं एसटीत उभ्यानं वाचत मी पदवी घेतली. परदेशात शिकवण्याचं खूळ एका ऑनलाइन कोर्समुळे डोक्यात शिरलं. कोर्स झाला, अर्ज सुरू झाले. सगळीकडून एकच उत्तर यायचं, आम्हाला इंग्रजी मातृभाषा असलेलेच शिक्षक हवेत. काही ठिकाणांहून तेवढंही यायचं नाही.

मग कंबोडियातल्या एका लहानशा शाळेनं कळवलं, दहा मिनिटांचा डेमो, म्हणजे शिकवतानाचा व्हिडिओ, पाठवा. समोर खरा विद्यार्थी हवा, परवा सकाळपर्यंत.

मे महिना होता. गल्लीतली सगळी पोरं मामाच्या गावी गेलेली. पप्पा शेतात. घरात एकटी आई, आणि तिनं अंगणात खाटेवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातलेले.

"माले काय समजस त्यामा?" ती म्हणाली. "दुसरं कोन्ही बसाड."

"दुसरं कोन्हीच नही शे. तुले येत नही, म्हनीसनी तर तू पाहिजे."

"मंग दहाच मिनिटं. मन्हा बिबडा पलटाना शेतस."

मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि फोटो काढायचा असल्यासारखी खुर्चीत ताठ बसली. मी केळं उचललं. "बनाना," म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी परत म्हटलं, "कॅन यू से बनाना?"

काय विचारलं ते तिला हातवाऱ्यांवरून कळलं. "माले येस," ती ठसक्यात म्हणाली.

आमच्या अहिराणीत येस म्हणजे येतं. मला येतं, असं तिनं सांगितलं होतं. मी हसू दाबत "व्हेरी गुड!" म्हटलं. शाबासकी मिळाली एवढं तिला कळलं आणि तिचा ताठा सैल झाला. बनाना झालं, वांगं झालं, पाणी झालं. वांग्याचं ब्रिंजल तिला फार आवडलं, तीनदा म्हणून बघितलं.

तेवढ्यात शेजारची शेळी खाटेपाशी आली. धडा सोडून आई उठली आणि ओरडत धावली. मला काय सुचलं कोण जाणे, मीही मागे धावले आणि म्हटलं, "से गो! गोट, गो!"

"गो!" आई शेळीवर खेकसली. "गो! गो!" शेळी पळाली. आई कमरेवर हात ठेवून वळली आणि म्हणाली, "इंग्रजी समजस की तिले!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मोबाइलमध्ये रिकामी खुर्ची आणि नुसतं हसणं रेकॉर्ड होत राहिलं.

मला व्हिडिओ पुन्हा काढायचा होता. पण आईला शेतात जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला लग्नाचं बोलावणं होतं. शेवटी तोच व्हिडिओ पाठवला आणि ही शाळाही गेली असं समजून मी बिबडे उलटायला बसले.

चौथ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा मेल आला. व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. नेटवर्क फक्त गच्चीवर. अकरा वाजताचं ऊन असं की मोबाइलचा पडदा दिसेना. पप्पा छत्री घेऊन वर आले आणि माझ्यामागे उभे राहिले. ते कधीच फार बोलत नाहीत. मी परदेशी जाणार म्हटल्यावरही त्यांनी हो-नाही काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी बरंच विचारलं. मी घाबरत घाबरत सांगून टाकलं, इंग्रजी माझी मातृभाषा नाही; मराठीसुद्धा मी शाळेतच शिकले. त्या म्हणाल्या, "तुमची विद्यार्थिनी चुकली तेव्हा ती घाबरली नाही. आमच्या मुलांना मला तेच हवंय." मग विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

मागून पप्पा पुटपुटले, "तठे केळी पिकस का, इचार."

मी लाजले, पण विचारलं. बाई उठल्या आणि मोबाइल खिडकीबाहेर धरला. शाळेच्या कुंपणाला लागून केळीचं बन होतं. पप्पांनी छत्री माझ्या हातात दिली, चष्मा लावला आणि पडद्याशी वाकून पानं बघितली. "पाणी जास्त व्हई ऱ्हायनं," ते म्हणाले. हे बाईंना इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. त्या संध्याकाळी नोकरीचं पत्र आलं. पप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाले, "जाय बेटा."

पोलिस दाखल्यासाठी नंदुरबारच्या तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा ते सोबत आले. निघताना आईनं बॅगेत चटणी इतकी कोंबली की माझे दोन ड्रेस घरीच राहिले.

तिथं गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला ताप आला. मुख्याध्यापिका खोलीवर तांदळाची पेज घेऊन आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता? तीच बोला माझ्याशी." मी बोलत सुटले. शेतातल्या कापसाबद्दल, आईबद्दल, आमच्या गल्लीबद्दल, सगळं अहिराणीत. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मध्येमध्ये मान हलवत त्या मला पेज भरवत राहिल्या.

सोमवारी ताप उतरला आणि मी वर्गावर गेले. त्या शाळेत मला आता दोन वर्षं झाली, अजूनही तिथंच शिकवतेय.